तागा आणि चादर: मालिका, वेब सिरीज आणि वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत निम्मी ‘नेट अडकतं’ याबद्दल होती आणि उरलेली ‘गोष्ट अशी का सांगतात’ याबद्दल. दोन्हींना जागा दिली आहे. काही पत्रे थोडी कापली आहेत.

टीव्हीवरची मालिका पाचशे-सहाशे भाग चालते, तिथे वेब सिरीज आठ भागांत संपते. शिवाय एक भाग २८ मिनिटांचा, पुढचा ५१ मिनिटांचा. असं का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

सोलापूरच्या भाषेत सांगायचं तर रोजची मालिका म्हणजे कापडाचा तागा आणि वेब सिरीज म्हणजे चादर. मागणी आहे तोवर तागा विणत राहायचा. चादरीचं तसं नाही. डिझाइनची कार्डं आधी भोकं पाडून तयार होतात, दोन्ही टोकांचे काठ आधीच ठरतात आणि मगच माग सुरू होतो.

टीव्हीवर भागाचं माप घड्याळ ठरवतं. जाहिराती आणि वाहिनीची स्वतःची प्रसिद्धी मिळून तासाला १२ मिनिटं ही नियमातली मर्यादा. म्हणजे अर्ध्या तासात गोष्टीला साधारण २२-२४ मिनिटं उरतात. प्रत्येक ब्रेकच्या आधी एक धक्का हवा, नाहीतर प्रेक्षक चॅनल बदलतो. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि हाताशी तयार भाग मोजकेच असल्यामुळे कथा लगेच वळवता येते. सून अचानक परदेशात जाते, ती अशीच. संवादांत तीच गोष्ट तीनदा का सांगतात, तर बघणारी व्यक्ती फोडणी देत असते. मालिका कानांनीही कळावी लागते. याला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा आवाज बंद करून भाग बघावा आणि मग चित्र बंद करून बघावा.

वेब सिरीज दाखवणाऱ्या अ‍ॅपवर पैसा मुख्यतः वर्गणीचा. तिथे मोजलं जातं ते किती जण आले आणि किती जणांनी शेवटपर्यंत पाहिलं. स्लॉट भरायचा नसल्यामुळे भाग २८ मिनिटांत संपला तरी कुणाचं अडत नाही. ब्रेकचा धक्का गेला आणि सगळा भार शेवटच्या अर्ध्या मिनिटावर आला, कारण पुढचा भाग काही सेकंदांत आपोआप सुरू होतो. (हे नको असेल तर प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये ‘ऑटोप्ले’ बंद करा. रात्रीची झोप वाचते.)

नेटफ्लिक्सने फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘हाऊस ऑफ कार्ड्स’चे १३ भाग एकाच दिवशी दिले, तेव्हा ‘सगळं एकदम’ हीच रीत होईल असं वाटलं होतं. पण एकदम दिलं की प्रेक्षक एका महिन्याचे पैसे भरतो, शनिवार-रविवारात सगळं संपवतो आणि वर्गणी बंद करतो. म्हणून अनेक अ‍ॅप पुन्हा दर आठवड्याला एक भाग देऊ लागले. तो १३चा आकडाही जुन्या टीव्हीचाच आहे. आठवड्याला एक याप्रमाणे १३ भाग म्हणजे तीन महिने. दूरदर्शनवर मालिका याच हिशेबाने मंजूर होत.

आमचा जुना दगडी वाडा आहे. ५० एमबीपीएसचा प्लॅन घेतलाय, टीव्ही नवा आहे, तरी रात्री चित्र धूसर होतं. कंपनीचा माणूस म्हणतो लाइन ठीक आहे.
– एक वाचक, शुक्रवार पेठ

त्याचंही बरोबर असेल आणि तुमचंही. अ‍ॅप प्रत्येक भागाचे काही सेकंदांचे तुकडे करून ठेवतं आणि प्रत्येक तुकडा अनेक दर्जांत तयार असतो. वेग कमी मिळाला की टीव्ही खालच्या दर्जाचा तुकडा उचलतो. म्हणून चित्र थांबत नाही, धूसर होतं. फुल एचडीला सलग ५ एमबीपीएस लागतात, फोर-केला १५ च्या आसपास. ५० मधले इतके तरी टीव्हीपर्यंत पोहोचतात का, एवढाच प्रश्न आहे.

फोनवर वेगाची चाचणी दोनदा करा. एकदा राउटरशेजारी, एकदा टीव्हीशेजारी, आणि दोन्ही रात्री नऊनंतर. दोन्हीकडे कमी आला तर दोष बहुधा बाहेरच्या लाइनचा. राउटरजवळ ४५ आणि टीव्हीजवळ ४ आला तर दोष भिंतीचा. ५ गिगाहर्ट्झचा वाय-फाय वेगवान असतो, पण दीड-दोन फुटी दगडी भिंतीत तो जिरतो. २.४ गिगाहर्ट्झचा तुलनेने पार जातो, मात्र त्यावर शेजाऱ्यांची गर्दी असते. राउटर लोखंडी कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे ठेवू नका. स्वस्त रिपीटर (वाय-फाय पुढे पोहोचवणारा डबा) घ्यायची घाई नको. बरेचसे रिपीटर एकाच पट्ट्यावर घेतात आणि देतात, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. वाड्याला खरा उपाय म्हणजे राउटरपासून टीव्हीपर्यंत कॅट-६ केबल, म्हणजे नेटची तार. दाराच्या चौकटीवरून नेली तर भिंत फोडावी लागत नाही.

मोबाइल डेटावर बघणाऱ्यांसाठी हिशेब: एमबीपीएसला ०.४५ ने गुणा, तासाचे जीबी मिळतात. फुल एचडीला ५ × ०.४५ = २.२५ जीबी. रोजचा दीड जीबी ४० मिनिटांत संपतो.

फोनवर वेग भरपूर असूनही चित्र खराब दिसत असेल, तर अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘प्लेबॅक स्पेसिफिकेशन’ मिळतं का पाहा. तिथे ‘वाइडव्हाइन एल३’ (नक्कल रोखणाऱ्या सुरक्षेची खालची पायरी) लिहिलं असेल, तर तो फोन एचडी दाखवणारच नाही. प्लॅन वाढवून उपयोग नाही.

आमच्या घरात तेलुगू बोलतात. आजीला मराठी कळतं, हिंदी फारसं नाही. तेलुगू आवाज कधी मिळतो, कधी यादीतच नसतो. आणि मिळाला तरी संवाद पुटपुटल्यासारखे येतात. मराठी डबिंग तरी इतकं कमी का?
– एक वाचक, पूर्व भाग

आजींचं वेगळं प्रोफाइल करा आणि त्याच्या भाषेच्या सेटिंगमध्ये तेलुगू निवडा. काही अ‍ॅप सगळ्या भाषा दाखवत नाहीत, प्रोफाइलला जवळच्या वाटतात तेवढ्याच दाखवतात. पुटपुटण्याचं कारण बहुधा ‘५.१’ आवाज. त्यात संवाद मधल्या स्पीकरसाठी असतात आणि टीव्हीला तो स्पीकर नसतो. ऑडिओच्या यादीत ‘५.१’ न लिहिलेला तेलुगू पर्याय असेल तर तो घ्या. नसेल तर टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘स्टिरिओ’ किंवा ‘पीसीएम’ करा.

मराठी डबिंग कमी का, हेही तुम्ही विचारलंय. मराठी माणूस हिंदीत बघून घेतो, हे अ‍ॅपवाल्यांना ठाऊक आहे.

एकांकिका लिहितो. हुतात्मा स्मृती मंदिरात स्पर्धेत प्रयोग झालेत. यंत्रमागावरची एक गोष्ट सिरीजसाठी लिहायची आहे. आठही भाग लिहून पाठवू का?
– एक वाचक, अक्कलकोट रोड

आठही भाग आधी लिहू नका. पाठवायचं ते असं: एका वाक्यात गोष्ट, दोन पानांत संकल्पना, मुख्य पात्रांची अर्ध्या-अर्ध्या पानाची टिपणं, आठ भागांचा प्रत्येकी एक पान गोषवारा आणि फक्त पहिल्या भागाची पूर्ण पटकथा, साधारण ४० पानं. ‘एक पान म्हणजे एक मिनिट’ हा हिशेब देवनागरीत नेहमी बसत नाही. घड्याळ लावून मोठ्याने वाचा.

एकांकिकावाल्यांची पहिली चूक म्हणजे माणसं एकाच खोलीत बसून सात मिनिटं बोलतात. रंगमंचावर ते खपतं. इथे एक-दोन मिनिटांचे प्रसंग धरा. दुसरी चूक: दोन तासांच्या सिनेमाची गोष्ट आठ तुकड्यांत कापतात आणि चौथा-पाचवा भाग पोटात सैल पडतो. प्रत्येक भागापुढे एक ओळ लिहा, ‘या भागाच्या शेवटी अशी कोणती गोष्ट घडली जी आता परत फिरवता येत नाही?’ चौथ्या आणि पाचव्या भागाच्या ओळी आपसांत बदलल्या तरी चालत असतील, तर तिथे गोष्टच नाही.

तिसरी गोष्ट तुमच्या कारखान्याची. माग चालू असताना संवाद रेकॉर्ड होत नाही. खटखटीत शेजारचा माणूसही खुणेनंच बोलतो. तेव्हा शेडमधले प्रसंग खुणांवर, नजरेवर लिहा आणि बोलणं बाहेर चहाच्या टपरीवर न्या. नाहीतर चित्रीकरणात माग बंद ठेवावे लागतात, आवाज मागाहून भरावा लागतो आणि थांबलेला धोटा कॅमेऱ्याला लगेच दिसतो. मुख्य जागा तीनच ठेवा. प्रत्येक नव्या जागेला सामान हलवण्यात अर्धा दिवस जातो.

कॉपीराइट लिहिलेल्या मजकुराला मिळतो, नुसत्या कल्पनेला नाही. स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेऊन मजकुराची ऑनलाइन नोंदणी करा आणि मगच पाठवा, तेही निर्मितीसंस्थेकडे. अ‍ॅपवाले अनोळखी माणसाचं थेट आलेलं लिखाण सहसा उघडतही नाहीत.

गणेशोत्सवात मंडळाच्या प्रोजेक्टरवर एक गाजलेली सिरीज दाखवायची आहे. अ‍ॅपची वर्गणी आमच्या एका कार्यकर्त्याची आहे. चालेल?
– एक मंडळ, सोलापूर

नाही. ती वर्गणी घरगुती वापराची आहे. चौकात दाखवायला हक्कधारकाची लेखी परवानगी लागते. शिवाय जुना प्रोजेक्टर ‘एचडीसीपी’ (केबलमधून जाणाऱ्या चित्राचं नक्कल रोखणारं कुलूप) ओळखत नसेल, तर ऐन वेळी आवाज येईल आणि पडदा काळा राहील. गावातल्या मुलांनी केलेले लघुपट त्यांच्या लेखी परवानगीने दाखवा, आणि फाइल पेनड्राइव्हवर घेऊन आदल्या रात्री त्याच प्रोजेक्टरवर चालवून बघा.