शेतातील घराण्याची रुद्रभूमी

प्रश्न : आम्ही वीरशैव लिंगायत असून अक्कलकोट तालुक्यातील आमच्या शेतात बांधालगत पूर्वजांच्या समाध्या, म्हणजे घराण्याची रुद्रभूमी (दफनभूमी) आहे. दोन दगडी चौथऱ्यांवर पुसट अक्षरे आहेत, बाकी ठिकाणी नुसते धोंडे आहेत. लवकरच शेताची वाटणी होणार आहे. या जागेचा इतिहास कसा शोधावा आणि समाध्यांवर संगमरवरी फरशी बसवावी काय?

उत्तर : फरशीचा विचार सोडून द्यावा, कारण तिच्याखाली गेलेली अक्षरे पुढच्या पिढीच्या हाती लागणार नाहीत. आधी दगड पाण्याने व मऊ ब्रशने हलकेच धुवावेत. आम्ल, तारेचा ब्रश किंवा तैलरंग कटाक्षाने टाळावा. सकाळचे तिरपे ऊन पडले असता कोरीव रेघांच्या कडा उठून दिसतात, तेव्हा छायाचित्रे घ्यावीत. आपला भाग सीमेवरचा असल्यामुळे लिपी कन्नड असण्याचाही संभव आहे, म्हणून देवनागरी जुळत नाही एवढ्यावरून लेख निरर्थक ठरवू नये. शकाचा आकडा झिजला असला तरी संवत्सराचे (साठ वर्षांच्या चक्रातील वर्षाचे) नाव वाचता आल्यास काम भागते. उदाहरणार्थ, ‘विलंबी’ संवत्सर शके 1820 मध्ये, म्हणजे 1898-99 साली होते आणि त्यापूर्वी साठ वर्षे मागे, शके 1760 मध्ये; या दोहोंपैकी कोणते, हे घराण्याच्या वंशावळीवरून बहुधा ठरवता येते.

नुसत्या धोंड्यांनाही हात लावू नये. लिंगायत क्रियासमाधीत लिंगैक्य झालेल्या (निधन पावलेल्या) व्यक्तीला पद्मासनात बसवून, डाव्या तळहातावर इष्टलिंग (अंगावर धारण केलेले लिंग) ठेवून, विभूती व बिल्वपत्रांसह भूमीत ठेवण्याची रीत आहे. त्यामुळे वर लांबट उंचवटा दिसेलच असे नाही आणि ज्याला आपण बांधावरचा सुटा दगड समजतो, तीच एखाद्या आजीची खूण असू शकते. प्रत्येक दगडाला क्रमांक देऊन कागदावर आराखडा काढावा आणि कोणाची समाधी कोणती, हे घरातील वृद्धांकडून व आपल्या मठाच्या स्वामींकडून आत्ताच लिहून घ्यावे. सांधे निखळले असतील तर चुन्याने भरावेत. सिमेंट कठीण असल्यामुळे जुन्या दगडाचीच कड फुटते. पिंपळाचे रोप उपटण्याऐवजी बुंध्याशी कापत राहावे, कारण ओढताना मुळाबरोबर दगडही हलतो.

खरा धोका मात्र वाटणीचा आहे. कोणत्याही समाजाच्या दफनभूमीखालील जमीन पोटखराब (लागवडीखाली न धरलेली जमीन) वर्ग ‘ब’ मध्ये धरली जाते. आपल्या सातबाऱ्यावर तशी नोंद आहे काय, हे तलाठ्याकडे पाहावे. नसल्यास तहसीलदारांकडे अर्ज करावा. नोंद असो वा नसो, नोंदणीकृत वाटणीपत्रात ही जागा चतुःसीमेसह सामाईक ठेवावी आणि तिथवर जाणारी पायवाटही स्पष्ट लिहावी. भाऊबंदांत पायवाटेवरूनच अधिक तंटे होतात, शिवाय एखाद्याने पुढे आपला हिस्सा विकला तर खरेदीदारासमोर तोंडी समजुतीचा काहीच उपयोग होत नाही.