शिक्षा भोगून आलेल्या खेळाडूला मैदान मिळावे का?

प्रश्न : आमच्या गावच्या क्लबातून पुढे जाऊन व्यावसायिक फुटबॉल खेळलेल्या एका तरुणाला गंभीर मारहाणीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली. कोलवाळच्या तुरुंगातून सुटून आल्यावर त्याला पुन्हा आमच्याकडून खेळायचे आहे आणि लहान मुलांना शिकवण्याचीही त्याची तयारी आहे. समितीत दोन तट पडले आहेत. ज्याला मारहाण झाली, तो शेजारच्याच वाड्यावर राहतो. आम्ही काय करावे?
– एक वाचक, डिचोली तालुका

उत्तर : त्याला खेळू द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. शिक्षा किती असावी हे न्यायालयाने ठरवले आणि ती त्याने भोगली. त्यानंतर क्लबाने त्याला कायमचे बाहेर ठेवणे म्हणजे जिच्याविरुद्ध दाद मागता येत नाही अशी दुसरी शिक्षा देणे होय. दोन वर्षे किंवा त्याहून अधिक कैद झालेल्या माणसालाही सुटकेनंतर सहा वर्षांनी निवडणूक लढवता येते. विधानसभेचे दार ज्याला कधी ना कधी उघडते, त्याला फुटबॉलचे मैदान जन्मभर बंद का असावे?

खेळाशीच बेइमानी करणाऱ्यावर खेळाच्या संस्थेने वेगळी बंदी घालणे मात्र रास्त आहे. लॉर्ड्सवर २०१० साली पैशांसाठी मुद्दाम नो-बॉल टाकणारा पाकिस्तानी गोलंदाज महंमद आमिर तुरुंगात गेला, पाच वर्षांची बंदी त्याने पाळली आणि २०१६ मध्ये त्याच मैदानावर तो कसोटी खेळला. बंदीला मुदत होती, म्हणून परतणे शक्य झाले.

लोकांच्या संतापावर निर्णय सोपवू नका, हे मी चेड इव्हान्सच्या प्रकरणामुळे आग्रहाने सांगतो. बलात्काराच्या गुन्ह्यात २०१२ मध्ये दोषी ठरलेला हा फुटबॉलपटू २०१४ मध्ये सुटला, तेव्हा शेफील्ड युनायटेड या इंग्लंडमधील क्लबाने त्याला सरावाची परवानगी दिली. दीड लाखांहून अधिक लोकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्यावर ती मागे घेतली. पुढे २०१६ मध्ये त्याची शिक्षा रद्द झाली आणि फेरसुनावणीत तो निर्दोष ठरला. मात्र खेळाडूविषयी बोलताना त्या प्रकरणातील स्त्रीचे काय झाले हे विसरले जाते : कायद्याने गुप्त ठेवलेले तिचे नाव समाजमाध्यमांवर उघड केले गेले आणि त्याबद्दल नऊ जणांना न्यायालयात गुन्हा कबूल करावा लागला.

तुमच्या गावातही सर्वांत आधी विचार व्हायला हवा तो जखमी तरुणाचा. सभेपूर्वी कोणत्याही तटात नसलेल्या दोन वडीलधाऱ्यांनी त्याच्या घरी जावे आणि त्याला कशाची भीती किंवा अडचण वाटते ते ऐकून घ्यावे; ‘क्षमा कर’ असा दबाव त्याच्यावर चुकूनही आणू नये. तो त्याच मैदानावर येत असेल, तर सरावाच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात, आणि त्या बदलण्याचा त्रास त्याला होऊ देऊ नये.

मुलांना शिकवण्याचा निर्णय तूर्त घेऊ नका. खेळाडूवर अकरा जणांची आणि पंचाची नजर असते, प्रशिक्षकाच्या हाती मात्र पालक विश्वासाने मुले सोपवतात. एक-दोन हंगाम त्याचे मैदानावरील वागणे पाहावे, मग पालकांना विचारून आणि दुसऱ्या प्रशिक्षकासोबतच त्याला हे काम द्यावे. गुन्हा मुलांविरुद्धचा असता, तर मी याला कधीच संमती दिली नसती.

निर्णय कारणांसह इतिवृत्तात लिहून ठेवा. त्याच्या पहिल्या सामन्याला मात्र हार, सत्कार किंवा स्वागताचे फलक ठेवू नका. शेजारच्या वाड्यावरून ते सगळे दिसेल.