कल्पित भूतकाळ आणि भविष्यातून समूहाची ओळख कशी घडते?

बळीराजाचं उदाहरण घ्या. बलिप्रतिपदेला ओवाळताना बायका म्हणतात, ‘इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो.’ एकाच ओळीत हरवलेलं राज्यही आहे आणि येणारंही.

1873 साली ‘गुलामगिरी’त जोतीराव फुल्यांनी वामनाची कथा उलटी वाचली: बळी इथला न्यायी राजा, वामन बाहेरून आलेला आक्रमक. खंडोबा, म्हसोबा हे बळीचे अधिकारी. ही मांडणी पुराव्याच्या कसोटीवर टिकत नाही, पण तिची ताकद वेगळीच होती. देव रोजच्या पूजेतलेच राहिले, त्यामुळे नवा इतिहास परका वाटला नाही. आणि शूद्रातिशूद्रांना ‘आपण मुळात हीन नव्हतो, हरवले गेलो’ असं म्हणता आलं. हरलेला पुन्हा उभा राहू शकतो, जन्मानेच हीन ठरवलेला मात्र उभा राहू शकत नाही.

पुढे शेतकरी संघटनेने तीच ओळ घोषणा केली. तेव्हा बळी म्हणजे शेतमालाला भाव मागणारा शेतकरी झाला आणि भूमिहीन मजूर चित्रातून मागे सरकला. माझ्या मते खरी गोम इथेच आहे. म्हणून अशी कोणतीही कथा तपासताना आधी विचारा: येणाऱ्या राज्यात जमीन कोणाच्या नावावर असेल?