लॉस एंजेलिसचा बेरोजगारी दर आणि तक्त्यातला चौथा रकाना

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार. तुमचे चार पानी पत्र आणि सोबतचा तक्ता मिळाला. नाव छापू नये ही तुमची इच्छा मी पाळते आहे. इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून पत्राचा आशय थोडक्यात देते. तुम्ही सोलापूरचे असून निवृत्तीला तीन वर्षे उरली आहेत. तुमची २४ वर्षांची मुलगी स्थापत्य अभियंता आहे. ती अमेरिकेत लॉस एंजेलिस काउंटीतील (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) एका विद्यापीठात वाहतूक अभियांत्रिकीत एम.एस. करते आणि तिचे शेवटचे सत्र मे महिन्यात संपेल. शिक्षणकर्जासाठी राहते घर तारण ठेवले आहे. कॅलिफोर्निया राज्याचा रोजगार विभाग काउंटीच्या रोजगाराचे आणि बेरोजगारीचे आकडे दर महिन्याला जाहीर करतो व ते तुम्ही दीड वर्षापासून उतरवून घेत आहात. काउंटीचा दर देशाच्या दरापेक्षा सतत वर दिसत असल्याने तुम्ही विचारता, की मुलीने आताच विषय बदलून डेटा सायन्सकडे वळावे, की सरळ परत येऊन एमपीएससीला बसावे?

या प्रश्नाकडे मी येणार आहे, परंतु त्याआधी तक्त्याविषयी बोलणे भाग आहे. त्याचे पहिले तीन रकाने, म्हणजे महिना, काउंटीचा दर आणि देशाचा दर, मला समजले. चौथ्या रकान्याला तुम्ही ‘अर्ज’ असे शीर्षक दिले आहे आणि मुलीने त्या त्या महिन्यात नोकरीसाठी किती अर्ज केले याची त्यात नोंद केली आहे. ज्या महिन्यात दर वाढला आणि अर्ज मात्र कमी झाले, त्या ओळीभोवती लाल पेन्सिलीने चौकट आखली आहे. आकडे साधारणपणे पुढच्या महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारी येतात. त्या रात्री तुम्ही तक्त्याचा फोटो तिला पाठवता, तेव्हा तिथे सकाळ असते, आणि तिच्या दिवसाची सुरुवात त्या लाल चौकटीने होते.

याला मी काळजी म्हणणार नाही, ही हजेरी झाली. गेले दोन महिने ती तुमचा फोन उचलत नाही, आईशी मात्र बोलते, हे तुम्ही तिसऱ्या पानावर कंसात, जाता जाता लिहिले आहे. माझ्या दृष्टीने पत्रातील सर्वांत गंभीर मजकूर तोच आहे. प्रबंधाचे काम, शिकवणी साहाय्यकाची नोकरी, घरभाडे आणि व्हिसाची मुदत हे सारे एकटीने सांभाळणाऱ्या मुलीला मोकळेपणाने बोलता येईल असे माणूस हवे असते, आणि ती जागा तुम्ही स्वतःहून सोडली आहे. तुमचा मोठा मुलगा पदविका झाल्यावर सात-आठ महिने घरी होता, असेही तुम्ही लिहिता. त्या काळात सोलापूर जिल्ह्याचा बेरोजगारी दर तुम्ही पाहिला नव्हता, पाहायचे म्हटले तरी मिळाला नसता. आपल्याकडे श्रमबल सर्वेक्षणाचे मासिक आकडे एप्रिल २०२५ पासून मिळू लागले, आणि जिल्ह्याचा मासिक दर त्यातही नसतो. मुलाला तुम्ही ओळखीच्या ठेकेदाराकडे घेऊन गेलात, त्याच्यासाठी दोन शब्द टाकलेत. मुलीच्या वाट्याला तक्ता आला. हा फरक तुम्हीच एकदा तपासून पाहावा.

आता आकड्यांकडे वळू. दर वाढला की तितकी माणसे कामावरून निघाली, आणि म्हणून मुलीची नोकरी तितकी दूर गेली, असे तुम्ही धरून चालला आहात. या समजुतीवरच सारा तक्ता उभा असल्याने तिच्याविषयी सविस्तर लिहिते. लॉस एंजेलिस ही लोकसंख्येने अमेरिकेतील सर्वांत मोठी काउंटी आहे. २०२० च्या जनगणनेत तिथे एक कोटीहून अधिक लोक होते, तिच्यात ८८ शहरे आहेत, आणि काम करणारे व काम शोधणारे मिळून तिचे श्रमबल सुमारे ५० लाखांचे आहे. दर ०.२ टक्क्याने हलला म्हणजे सुमारे १० हजार माणसांचा फरक पडला, हा तुमचा गुणाकार बरोबर आहे, पण त्यातून काढलेला अर्थ चुकीचा आहे. या मोजणीत बेरोजगार म्हणजे ज्याला काम नाही, जो काम करायला उपलब्ध आहे आणि ज्याने गेल्या चार आठवड्यांत प्रत्यक्ष काम शोधले आहे असा माणूस. शोधणे सोडून दिलेला माणूस मोजणीतून बाहेर पडतो आणि दर खाली येतो. बाजार सुधारल्याचे ऐकून दहा हजार माणसे पुन्हा शोधायला लागली तर दर वर जातो. आठवड्यात एक तास मोबदल्याचे काम केलेला माणूसही रोजगारात धरला जातो. शिवाय हा आकडा कोणी घरोघर जाऊन केलेल्या शिरगणतीचा नसतो. नमुना सर्वेक्षण, आस्थापनांची वेतनपटे आणि बेरोजगारी भत्त्याचे दावे यांच्या आधारे सांख्यिकी प्रारूपाने तो काढलेला असतो, पुढच्या महिन्यात त्यात दुरुस्ती होते आणि दरवर्षी मागील आकड्यांची मोठी फेरतपासणी होते. तुम्ही लाल चौकटीत बसवलेले काही आकडे सरकारने स्वतःच नंतर बदलले असण्याची दाट शक्यता आहे, आणि ते बदल तुमच्या तक्त्यात दिसत नाहीत.

त्यातच तुमच्या तक्त्यात एक सरमिसळ झाली आहे. लॉस एंजेलिससाठी दर दोन प्रकारे दिला जातो, एक हंगामी चढउतार वगळून आणि दुसरा ते न वगळता. उन्हाळ्यात शाळा बंद होतात, शाळांशी निगडित कामे थांबतात आणि नुकतीच शिक्षण संपवलेली मुले बाजारात उतरतात, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये दुसरा आकडा नेहमीच फुगतो. डिसेंबरच्या खरेदीसाठी दुकानांत घेतलेली माणसे जानेवारीत कमी होतात. तुम्ही काही महिन्यांचा आकडा एका प्रकारातून आणि काहींचा दुसऱ्यातून घेतला आहे, आणि ऑगस्टमधली चढण पाहून मुलीला लांबलचक संदेश पाठवला आहे. ऑक्टोबर २०२५ समोर प्रश्नचिन्ह काढून तुम्ही विचारले आहे, की सरकार काही लपवते आहे का. तसे काही नाही. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ या काळात अमेरिकेच्या संघीय सरकारचे कामकाज निधीअभावी बंद होते, त्या महिन्याचे कुटुंब सर्वेक्षण झालेच नाही, म्हणून दरही निघाला नाही.

रोजगाराची संख्या आणि बेरोजगारीचा दर यांची मोजणी वेगवेगळी होते, हेही लक्षात घ्यावे. पहिली कामाच्या ठिकाणी होते आणि तिच्यात शेती व स्वयंरोजगार येत नाहीत. दुसरी माणूस राहतो तिथे होते. २०२३ मध्ये मे ते सप्टेंबर हॉलिवूडच्या लेखकांचा आणि जुलै ते नोव्हेंबर अभिनेत्यांचा संप चालला. पूर्ण वेतनकाळ संपावर असलेला माणूस वेतनपटावरून उतरला आणि चित्रपट उद्योगाचा रोजगार घटलेला दिसला. तोच माणूस कुटुंब सर्वेक्षणात मात्र, नोकरी आहे पण कामावर नाही, असा रोजगारात धरला गेला. चित्रीकरणाला वाहने, मंडप आणि जेवण पुरवणाऱ्या ज्या लोकांचे काम त्यामुळे थांबले, त्यांच्यापैकी शोधायला निघालेले तेवढे बेरोजगार ठरले. कॅमेरे, बंदरांची मालवाहतूक, रुग्णालये, हॉटेले आणि महानगरपालिका यांचे एकत्र मिश्रण असलेला हा एक आकडा आहे. पुलाचे आराखडे तपासणाऱ्या अभियंत्याला मागणी किती आहे, हे त्यातून कळत नाही. शिवाय तुमची मुलगी राहील लॉस एंजेलिस काउंटीत आणि काम मिळेल कदाचित शेजारच्या ऑरेंज काउंटीत.

तिच्या क्षेत्राची विचारपूस करायचीच असेल तर पाहण्यासारख्या गोष्टी निराळ्या आहेत. त्या काउंटीतील मतदारांनी २००८ आणि २०१६ मध्ये प्रत्येकी अर्ध्या टक्क्याचा विक्रीकर मंजूर करून रेल्वे, बस आणि रस्त्यांच्या कामांसाठी निधीचा प्रवाह निर्माण केला, आणि २०२८ चे ऑलिंपिक तिथेच होणार आहे. ही कामे महिन्याच्या बेरोजगारी दराने हलत नाहीत, निधी आणि निविदा यांच्या गतीने हलतात. सार्वजनिक संस्था परदेशी उमेदवाराचा व्हिसा प्रायोजित करायला बऱ्याचदा तयार नसतात, त्यामुळे तिला प्रामुख्याने सल्लागार कंपन्यांकडे पाहावे लागेल. तिथे अभियंता म्हणून पुढे जाण्यासाठी एफईची परीक्षा, म्हणजे अभियंत्याच्या परवान्याकडे नेणारी पहिली परीक्षा, पदवीच्या आसपास द्यावी, हे तिला तिच्या प्राध्यापकांनी सांगितले असेलच.

तुम्ही ज्या आकड्याकडे लक्ष द्यायला हवे तो तक्त्यात नाहीच. अभ्यासक्रम संपल्यावर मिळणारी ओपीटी ही कामाची परवानगी १२ महिन्यांची असते. त्या काळात नोकरीविना राहण्याची मर्यादा एकूण ९० दिवसांची आहे, आणि काम शिक्षणाशी संबंधितच असावे लागते. अभियांत्रिकीच्या पदवीमुळे आणखी २४ महिने मिळू शकतात, मात्र कंपनी ई-व्हेरिफायमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्याला कामाची परवानगी आहे का हे तपासणाऱ्या सरकारी प्रणालीत, नोंदलेली असली पाहिजे. वाढीव काळात ही मर्यादा एकूण १५० दिवसांची होते. अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो, म्हणजे मेमध्ये शिकून होणाऱ्या मुलीने तो फेब्रुवारीतच करणे इष्ट. तुम्ही संदेशात ‘मिळेल ती नोकरी पकड’ असे लिहिले आहे. दुकानात किंवा हॉटेलात पकडलेली नोकरी या परवानगीत बसणार नाही आणि मुलीचा तिथे कायदेशीरपणे राहण्याचा दर्जा धोक्यात येईल. त्यापुढची एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची वाट अनिश्चित आहे, सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांसाठी १ लाख डॉलर शुल्काची घोषणा झाल्यापासून अधिकच. त्याबाबत विद्यापीठाचे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय जे सांगेल तेच प्रमाण मानावे, आपल्या गटात फिरणारे संदेश मानू नयेत.

डेटा सायन्सविषयी माझे मत स्पष्ट आहे. शेवटच्या सत्रात विषय बदलणे म्हणजे नवी फी, नवी कागदपत्रे आणि आणखी वर्ष-दीड वर्षाचे कर्ज, तेही ज्या शाखेत पदवीपासून तयार झालेल्या मुलांची गर्दी आहे तिथे. हा विचार सोडून द्यावा. एमपीएससीच्या स्थापत्य अभियांत्रिकी सेवेचा रस्ता तिला तिशीपर्यंतही खुला आहे, त्यासाठी मेमधली पदवी अर्धवट टाकण्याचे काहीच कारण नाही.

पत्र दोनदा वाचल्यावर माझी खात्री झाली, की तुम्हाला भीती लॉस एंजेलिसची वाटत नाही, घराची वाटते. चार पानांत कर्जाचा उल्लेख एकाच ओळीत आहे. मुद्दल किती, व्याज किती साचले, हप्ता कधीपासून सुरू होणार आणि तुमच्या निवृत्तीनंतर तो कोण भरणार, याविषयी एक अक्षर नाही. आणि हप्त्याचा आकडा तुम्ही मुलीलाही सांगितलेला नाही, असे पत्रावरून दिसते. तिला तुम्ही एका परक्या काउंटीचे आकडे दीड वर्ष पाठवलेत आणि स्वतःच्या घराचा एकही आकडा सांगितला नाहीत. बँकेत जाऊन शाखाधिकाऱ्याकडून परतफेडीचे लेखी वेळापत्रक घ्यावे. बहुतेक शिक्षणकर्जांत अभ्यासक्रमानंतर साधारण वर्षभराची सवलत असते, पण व्याज त्या काळातही चढत राहते, म्हणून तुमच्या करारात नेमके काय लिहिले आहे ते पाहावे. मुलगी मेनंतर भारतात आली आणि इथल्या सल्लागार कंपनीत लागली, तर तिच्या पगारातून हप्त्याचा किती भाग निघेल, उरलेला कोण भरेल, आणि सवलतीची मुदत वाढवून मिळते का, हे तीन प्रश्न त्याच भेटीत विचारावेत.

ते वेळापत्रक हाती आल्यावर मुलीला फोन करू नका. तिच्या आईमार्फत निरोप द्या, की कर्जाचा सारा हिशेब तिच्यापुढे मांडायचा आहे, तिला सोयीची वेळ तिनेच कळवावी, आणि अर्जांची विचारणा यापुढे होणार नाही. बोलताना पहिली पंधरा मिनिटे तिला बोलू द्या. हिशेब पाहून ती तिथेच राहून प्रयत्न करायचे ठरवेल किंवा परत यायचे ठरवेल. दोन्ही निर्णय शहाणपणाचे ठरू शकतात, कारण तिथल्या बाजाराची, स्वतःच्या तब्येतीची आणि व्हिसाच्या दिवसांची माहिती तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा तिला अधिक आहे. तिची इच्छा असल्यास तिने मला स्वतंत्रपणे लिहावे. तिच्या पत्रातील मजकूर मी तुम्हाला कळवणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आपली विश्वासू,
करिअर मार्गदर्शक