बरोबरीत सुटलेली कुस्ती

‘ताई, माझं वय 27. चौदाव्या वर्षी वडिलांनी कोल्हापूरच्या तालमीत आणून सोडलं. महाराष्ट्र केसरीची गदा खांद्यावर घ्यायची, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. तेरा वर्षांत जिल्ह्याच्या पुढं गेलो नाही. दोन वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं. यंदा सरावाची जोड करताना तोच गुडघा पुन्हा फिरला. डॉक्टर म्हणतात, आता उतरलास तर पुढं साधं चालायचेही वांदे होतील. वडील म्हणतात, अजून एक वर्ष बघ. माझ्या खुराकासाठी त्यांनी दोन म्हशी विकल्या, सोसायटीचं कर्ज काढलं. गावात सगळे पैलवान म्हणूनच हाक मारतात. मामा त्यांच्या पशुखाद्याच्या दुकानात बोलावतायत. एखादी मोठी कुस्ती हरून बाहेर पडलो असतो तर मन मानलं असतं. असं अर्ध्यातून कसं सोडू?’
(सांगली जिल्ह्यातून)

पैलवान,

मीही तुला याच नावानं हाक मारते. तेरा वर्षं पहाटे चारला उठून ते तू कमावलंयस.

‘हरून बाहेर पडलो असतो तर मन मानलं असतं,’ हे तुझं वाक्य मी तीन-चारदा वाचलं. तुला निकाल हवाय. मातीतल्या माणसाला तो हवाच असतो, कारण मैदानात पाठ मातीला लागली की संपलं. पण तूच आठव, जत्रेच्या मैदानातली प्रत्येक मोठी कुस्ती निकाली होते का? दोघं पाऊण तास खडाखडी करत राहतात, दिवस मावळायला येतो, मागच्या जोड्या खोळंबतात आणि शेवटी पंच दोघांचे हात धरून कुस्ती बरोबरीत सोडवतात. कडेची माणसं ‘निकाली करा, निकाली करा’ म्हणून ओरडत असतात. पण त्या दोघांच्या अंगात काय शिल्लक आहे, हे त्या दोघांनाच माहीत असतं.

तुझी कुस्ती अशी बरोबरीत सुटली आहे. अडचण एवढीच, की इथे पंच नाही. मध्ये पडून तुझा हात धरणारं कुणी येणार नाही. वस्ताद म्हणतील तुझं तू बघ, वडील म्हणतील अजून एक वर्ष. हात तुलाच काढून घ्यायचाय. आणि मला वाटतं, तू तो मनातून काढलेला आहेस. नाहीतर हे पत्र लिहिलं नसतंस.

माझे वडील पैलवान होते. मोठे नव्हे, पंचक्रोशीतल्या जत्रांपुरते. तिशीत त्यांचा खांदा निखळला आणि कुस्ती थांबली. थांबली, पण त्यांनी ती सोडली कधीच नाही. मागच्या सोप्यात खुंटीला लंगोट टांगलेला असायचा आणि दर वर्षी जत्रा जवळ आली की म्हणायचे, यंदा उतरतो. आई काही बोलायची नाही. मला वाटतं, मी सातवीत जाईपर्यंत हे चाललं. मग त्यांनी उतरायचं नाव सोडलं आणि माझ्या थोरल्या भावाला तालमीत घातलं. त्याला चित्रं काढायची होती. वडिलांवर माझा फार जीव होता, तरी हे लिहिते. तुझ्या पत्रातली ती ‘एक वर्ष बघ’ ही हाक आमच्या घरात मी वर्षानुवर्षं ऐकली आहे. तुझे वडील कधी लाल मातीत उतरले होते का, हे तू लिहिलेलं नाहीस. त्यांना एकदा विचार.

आता ‘अर्ध्यातून’ या शब्दाबद्दल. महाराष्ट्र केसरीची गदा एका स्पर्धेत एकच असते. गादी (मॅट) विभागाचा विजेता आणि माती विभागाचा विजेता शेवटी भिडतात, त्यातल्या एकाच्या खांद्यावर ती जाते. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींतून त्याच वेळी जोर काढणारी बाकीची सगळी पोरं कुठे जातात? कुणी साखर कारखान्यात लागतं, कुणी दूध संघात, कुणी शेती बघतं. ती सगळी अर्ध्यातून उठलेली का? आणि गोळेश्वरचे खाशाबा जाधव. 1952 साली हेलसिंकीहून ऑलिम्पिकचं कांस्यपदक घेऊन आलेला माणूस. पुढच्या ऑलिम्पिकच्या आड त्यांचाही गुडघाच आला. 1955 साली ते पोलिसात फौजदार म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी नोकरी केली. तू खाशाबा नाहीस, ते तुलाही ठाऊक आहे. पण गुडघा कुणाचीच भीड धरत नाही, म्हणून सांगितलं.

पोलीस भरतीचा विचार तुझ्या मनात असेल. धावण्याच्या चाचणीसाठी हा गुडघा पुन्हा पणाला लावू नकोस. नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा असतात, पण त्याला निदान राज्य पातळीवरची कामगिरी लागते. ‘करून देतो’ म्हणत पैसे मागणारा कुणी भेटला तर त्याच्या दारात उभा राहू नकोस.

‘मग कोच होतो,’ असं तुझ्या मनात येईल. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत कुस्ती प्रशिक्षकाचे अभ्यासक्रम आहेत आणि चांगल्या शिकवणाऱ्यांची आपल्याकडे गरजही आहे. तरी माझं म्हणणं, पहिलं वर्ष आखाड्यापासून लांब राहा. आत्ता तू पोरांना शिकवायला गेलास तर त्यांच्या प्रत्येक कुस्तीत तूच लढत राहशील. माझ्या भावाच्या कुस्त्यांत वडील असेच लढत राहिले, मी ते पाहिलंय. वर्षानं मन निवलं आणि तरीही पोरांना डाव दाखवावासा वाटला, तर जरूर जा.

मामांच्या दुकानात जा. पोती तू उचलू नकोस, गुडघ्याची शपथ आहे. हिशेब शीक, माल कुठून येतो ते शीक.

खुराकाचं मात्र आजपासून बघ. जोर-बैठका थांबतात आणि बदाम, तूप, दूध, मटण तसंच चालू राहतं, तिथे पैलवानाचं शरीर बिघडतं. दोन वर्षांत वजन सुटतं, मग साखर, मग रक्तदाब, आणि वाढलेलं सगळं ओझं त्याच गुडघ्यावर. एका दिवसात तोडू नकोस, पण महिन्या-दोन महिन्यांत घरच्या जेवणावर ये. गुडघ्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टला विचारून कर, तालमीतल्या सवंगड्यांना विचारून नव्हे.

खुराकाचे वाचलेले पैसे आणि दुकानातला पगार, यातून सोसायटीचा हप्ता किती जाईल हे कागदावर मांड. तो कागद घेऊन वडिलांशी बोल. फोनवर नको, चार माणसांत तर अजिबात नको. पहाटे ते धार काढायला बसतील तेव्हा शेजारी बस. आपल्याकडचे बाप तोंडाकडे बघून बोलत नाहीत, हात कामात असले की बोलतात. म्हशींचं तू काढ, ते काढणार नाहीत. ‘तुम्ही विकल्या ते मी विसरलो नाही,’ एवढं म्हण. ते गप्प बसतील, कदाचित उठून जातील. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बस.

त्याआधी वस्तादांना भेट. नारळ घेऊन जा, पाया पड, आणि ‘थांबतो’ असं तुझ्या तोंडानं सांग. तालमीत पाऊल टाकताना त्यांना विचारून टाकलंस, निघतानाही त्यांना सांगूनच निघावं. हौद्यातली चिमूटभर माती कपाळाला लाव. रडू आलं तर येऊ दे.

गावात ‘पैलवान, यंदा उतरणार ना?’ असं विचारतील. ‘नाही, गुडघा गेला,’ एवढंच उत्तर दे. पहिल्या जत्रेला फार जड जाईल. दुसरीला मैदान बघायला जाशील.

पहाटे चारला जाग येणं थांबणार नाही, ती सवय हाडात मुरलेली असते. पडून राहू नकोस, कारण त्या अंधारात शड्डूचा आवाज कानात घुमतो. ऊठ आणि गोठ्यात जा. वडील तिथेच असतील.

डॉक्टर गुडघ्याबद्दल पुढे काय म्हणतात ते मला कळव.

तुझी,
ताई