शर्टावरचा काचेचा कण काय सांगतो?

प्रश्न : ताई, कर्वेनगरमधल्या आमच्या बंद फ्लॅटची खिडकी फोडून चोरी झाली. सोसायटीत गाड्या धुणाऱ्या मुलाच्या शर्टावर काचेचे कण सापडले म्हणून पोलिसांचा संशय त्याच्यावर आहे. खिडक्यांच्या काचा सगळीकडे सारख्याच ना? मग एवढ्यावरून काय ठरणार? — एक वाचक

उत्तर : काच फुटताना तिचे बारीक कण फोडणाऱ्याच्या अंगावरही उडतात. कॉलरच्या घडीत, खिशाच्या शिवणीत ते अडकतात. बरेचसे काही तासांतच झडून जातात, म्हणून कपडे लवकर जप्त करावे लागतात.

न्यायसहायक प्रयोगशाळेत मी हे काम वर्षानुवर्षं केलं. काचपट्टीवर सिलिकॉन तेलाच्या थेंबात कण ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली हळूहळू तापवायचा. तेलाचा अपवर्तनांक, म्हणजे आत शिरताना प्रकाश किती वळतो याचं माप, उतरत जातो, काचेचा जवळपास तसाच राहतो. एका ठरावीक तापमानाला कणाची कड फिकट होत होत दिसेनाशी होते. तुमच्या खिडकीची काचही त्याच तापमानाला दिसेनाशी झाली, तर दोघींचा अपवर्तनांक एकच. पण खिडकीच्या काचेचा तो साधारण १.५२ च्या आसपासच असतो. त्यामुळे ‘जुळलं’ म्हणजे ‘तुमच्याच खिडकीची काच’ असं नव्हे. तशी काच दुसऱ्या घरातही असू शकते. स्पष्ट फरक आला, तर मात्र तो कण तुमच्या खिडकीचा नाही, हे ठामपणे सांगता येतं.

ही मर्यादा साक्षीत सांगितलीच पाहिजे. अमेरिकेत एफबीआयने केसांच्या सूक्ष्म तुलनेवरच्या जुन्या साक्षी तपासल्या. त्यांतल्या किमान ९० टक्के साक्षींमध्ये चुकीची विधानं होती, हे २०१५ साली त्यांनीच मान्य केलं. माणसं त्यावर तुरुंगात गेली होती.

एकदा माझ्याकडे संशयिताचा शर्ट आणि घटनास्थळाच्या काचा एकाच प्लास्टिकच्या पिशवीतून आल्या. शर्टावर कण होते, पण ते पिशवीत लागले की आधीचे, हे कसं सांगणार? तो मुद्देमाल वाया गेला याचं मला आजही वाईट वाटतं. कपड्याची कागदात वेगळी पुडी, काचेची वेगळी, दोन्हींवर लाखेचं सील आणि पंचनाम्यात नोंद, एवढंच हवं होतं.

चौकटीत काचेचा तुकडा उरला असेल, तर काचवाल्याला अजून बोलावू नका. तपास अधिकाऱ्यांना नमुना घ्यायला सांगा, तोही चौकटीच्या दोन-तीन जागांवरून. आणि गाड्या धुताना त्या मुलाचा फुटक्या काचेशी संबंध आला होता का, हेही त्यांना विचारायला लावा.