फोटो माझ्या शिवराईचा, विकतोय भलताच

प्रश्न: आजीच्या देवघरातल्या डब्यात एक शिवराई, म्हणजे तांब्याचं जुनं नाणं, सापडली. अक्षरं नीट लागेनात म्हणून फोटो काढून नाणी जमवणाऱ्यांच्या एका ग्रुपवर टाकला, लोकांनी वाचून दिली, विषय संपला. आता 3 महिन्यांनी तोच फोटो लावून कुणीतरी ती 1,800 रुपयांना विकतोय. विचारलं तर ब्लॉक केलं. वर लातूरच्या एका काकांनी त्याला पैसे भरले, नाणं काही आलं नाही, फोटो शोधत शोधत ते माझ्यापर्यंत पोचले आणि आता मलाच चोर समजतायत. काय करू? (एक वाचक भगिनी, सातारा)

उत्तर: ताई, आधी लातूरच्या काकांशी शांतपणे बोला. राग येणं साहजिक आहे पण तुम्हा दोघांनाही एकाच माणसाने फसवलंय. त्यांना शिवराईचे आज काढलेले फोटो पाठवा, दोन्ही बाजू आणि कड पण, म्हणजे नाणं अजून तुमच्याच घरात आहे हे त्यांना दिसेल. पैसे कुठल्या यूपीआयवर गेले, विक्रेत्याचा नंबर काय, मेसेज काय काय झाले हे सगळं त्यांच्याकडे आहे आणि मूळ फोटो तुमच्याकडे, दोन्ही एकत्र आलं की तक्रारीला वजन येतं. काकांनी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा आणि स्वतःच्या बँकेलाही कळवायचं. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर रक्कम मधेच अडवता येण्याची शक्यता जास्त असते, पण उशीर झाला असला तरी तक्रार करावीच.

आता तुमच्या फोटोचं. तुम्ही मला दोन्ही फोटो पाठवलेत, तुमचा आणि त्याच्या जाहिरातीतला, मी रात्री शेजारी शेजारी ठेवून मोठे करून बघितले. तुमच्या शिवराईवर 'राजा'तल्या 'जा'चा काना कडेबाहेर निसटलाय आणि खालच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढी चीर आहे, नाण्याखालच्या कापडावर हळदीचा डागसुद्धा दिसतो. त्याने कापड कापून पांढरी बॅकग्राउंड लावली, नाणं थोडं फिरवलं, रंग जरा लालसर केला, पण काना तसाच निसटलेला आणि चीर तिथल्या तिथे. फोटो चोरणारे बरेचदा आरशासारखा उलटा करतात म्हणजे पटकन सापडू नये, नाण्याला ते करता येत नाही कारण अक्षरं उलटी होतात.

आणि हा पुरावा पक्का का, तर शिवराई मशीनवर पाडलेली नाही. महाराजांच्या 1674 च्या राज्याभिषेकानंतर या तांब्याच्या शिवराया निघाल्या, एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', आणि पुढे पेशवाईतसुद्धा त्या पडत राहिल्या, म्हणून आजही पुष्कळ घरांत एखादी निघते. पण तांब्याची चकती दोन ठशांच्या मधे धरून वरून हातोडा घालायचा, त्यात ठसा कधी डावीकडे सरकणार, कधी चकतीच लहान पडून अर्धी अक्षरं बाहेर जाणार, कधी काठ चिरणार. त्यामुळे शिवराया हजारो असल्या तरी अगदी एकसारख्या दोन नसतात. त्याच्या फोटोतली चीर आणि तुमच्या हातातली चीर एकच असेल तर नाणं एकच, याला तज्ज्ञ लागत नाही.

फोटो तुम्ही काढलाय म्हणजे त्याचा कॉपीराइट तुमचा आहे, 1957 च्या कायद्यात त्यासाठी नोंदणी करायची अट नाही. ज्या साइटवर किंवा ॲपवर जाहिरात आहे तिथे कॉपीराइटची तक्रार म्हणूनच टाका, नुसतं 'रिपोर्ट' दाबून सोडू नका. मोबाइलमधली मूळ फाइल अजिबात डिलीट करू नका, तारीख-वेळ त्यात असते, आणि कुणाला पाठवायची तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवली की ती माहिती निघून जाते. पुढच्या वेळी नाव टाकाल ते कोपऱ्यात नको, तो कापायला एक सेकंद लागतो, नाण्यावरूनच आडवं फिकं टाका. पण फोटो टाकणं मात्र थांबवू नका ताई. घराघरातली नाणी लोकांनी दाखवली म्हणूनच आपल्याला इतके ठसे, इतके प्रकार माहीत झाले, आणि असल्या चोरांमुळे माणसं डबे बंद करून बसायला लागलीत याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न: एका ऑनलाइन विक्रेत्याकडे शिवरायांचा सोन्याचा होन 5,000 रुपयांना आहे. तो म्हणतो फोटो फक्त नमुन्यासाठी, नाणं सेम येईल. मुलगा परदेशात असतो, थेट त्याच्याकडे कुरियर करतो म्हणतोय. घेऊ का? (एक वाचक, इंदूर)

उत्तर: नका घेऊ दादा. वर लिहिलंय तेच, हाताने पाडलेल्या नाण्याला 'सेम' नसतं. टाकसाळीतून नवीन आलेलं आजचं नाणं असेल तर नमुन्याचा फोटो एक वेळ समजू शकतो, इथे नाही. होनाचं वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, तेवढ्या नुसत्या सोन्याचाच आजचा भाव काढून बघा, 5,000 मध्ये बसतो का? आणि खरा होन इतका दुर्मिळ आहे की तो लिलावात लाखांत जातो. हे फोटो बहुतेक वेळा लिलावाच्या जुन्या कॅटलॉगमधूनच उचललेले असतात, गूगल लेन्सवर दोन्ही बाजू वेगवेगळ्या टाकून बघा, कारण कधी कधी पुढची बाजू एका नाण्याची आणि मागची दुसऱ्याच नाण्याची लावतात. ते ओळखायचं तर काठाकडे बघा, एका बाजूला काठ तुटलेला असेल तर नाणं पालटल्यावर तो तुटका भाग दुसऱ्या बाजूलाही दिसायलाच हवा.

परदेशात पाठवतो म्हणतोय तिथेच खरं तर कळायला पाहिजे. 100 वर्षांवरचं नाणं 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे असं देशाबाहेर पाठवताच येत नाही. मग एकतर तो कायदा मोडतोय किंवा नाणं जुनं नाहीच.

दुसरं कुठलंही नाणं घेताना व्हिडिओ मागा. चिठ्ठीवर तुमचं नाव आणि तारीख लिहून फोटो मागतात, पण तशी चिठ्ठी हल्ली फोटोत कुणीही घुसडतो. नाणं वजनकाट्यावर ठेवताना, मग बोटात धरून खिडकीच्या उजेडात हळूहळू फिरवताना असा न कापलेला व्हिडिओ पाहिजे म्हणायचं. राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया असेल तर काटा 11.66 ग्रॅमच्या जवळपास यायला हवा, तो बरोबर एक तोळ्याचा होता, घासलेला असेल तर थोडा कमी. नाणं आल्यावर भिंगातून बघा, पृष्ठभागावर बारीक बारीक खड्डे आणि बोथट अक्षरं असतील तर ते पाडलेलं नाही, साच्यात ओतलेलं आहे. मी स्वतः असा एक रुपया घेऊन बसलोय, फोटोत राणीच्या केसाची बट न बट दिसत होती आणि हातात आला तो साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत, पैसे कधीच परत आले नाहीत.

प्रश्न: वडिलांना मेसेज आला की तुमच्या जुन्या 5 रुपयांच्या नाण्याचे 10 लाख मिळतील. रिझर्व्ह बँकेचं चिन्ह असलेल्या पत्राचा फोटो पण आहे, आधी 2,500 कमिशन मागतायत. (एक वाचक, परभणी)

उत्तर: पत्र खोटं, चिन्ह चोरलेलं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारात बँक पडत नाही, फी किंवा कमिशन मागत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. वडिलांवर रागावू नका, त्यांच्याजवळ बसून तो नंबर ब्लॉक करा आणि पैसे गेले असतील तर आत्ताच 1930 लावा.